रस्त्याची वाटणी

जुलै 2020 मध्ये, टाळेबंदीमुळे पुण्याचे रस्ते ओस पडलेले असताना, विद्यापीठ चौकातले दोन उड्डाणपूल पाडायला सुरुवात झाली. ते बांधून जेमतेम दीड दशक लोटले होते. कोंडीवरचा इलाज म्हणून ते उभारले होते. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या आड येतात म्हणून ते पाडले गेले आणि त्याच जागी मेट्रोला सामावून घेणारा दुमजली पूल बांधायचे ठरले. पुढची काही वर्षे औंध, बाणेर आणि पाषाणच्या रहिवाशांनी गणेशखिंड रस्त्यावर कशी काढली, हे त्यांनाच ठाऊक. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी उडवला गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिथे नव्या पुलांचे जाळे खुले झाले. सिंहगड रस्त्यावरचे उड्डाणपूल 2024 आणि 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाले. इतके सगळे होत असताना टॉमटॉम या डच कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात जगातल्या 500 शहरांमध्ये संथपणात पुणे चौथ्या क्रमांकावर आले: दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटे 22 सेकंद. म्हणजे ताशी 18 किलोमीटर. एखादा दमदार सायकलस्वार सपाट रस्त्यावर याच वेगाने जातो.

कोंडीची कारणे कोणालाही विचारा, चार उत्तरे मिळतात: रस्ते अरुंद आहेत, वाहने बेसुमार झाली आहेत, लोकांना शिस्त नाही, चौकात पोलीस नसतो. चारही उत्तरांत तथ्य आहे. तरीही त्यांच्यावर विसंबून आपण तीस-चाळीस वर्षे जे उपाय केले, त्यांनी हा प्रश्न सुटलेला नाही. माझे म्हणणे असे की पुण्यात रस्त्यांची टंचाई आहेच, पण त्याहून मोठा दोष आहे तो असलेल्या रस्त्याच्या वाटणीत. रस्ता ही शहराची सामाईक मालमत्ता आहे. तिचा मोठा हिस्सा आपण खासगी वाहनांना, तोही जवळपास फुकट, देऊन टाकला आणि सर्वांत कमी जागेत सर्वांत जास्त माणसे नेणाऱ्या बसला त्याच गर्दीत ढकलून दिले. ही वाटणी बदलल्याशिवाय कोंडी सुटणार नाही.

हे शहर वाहनांसाठी वसलेलेच नव्हते. कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठा पायी चालणाऱ्या माणसाच्या मापाने वाढल्या. पुढे पुणे सायकलींचे शहर झाले, कारण अंतरे लहान होती आणि चढ फारसे नव्हते. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर विस्थापितांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि वस्ती पेठांबाहेर पसरत गेली. त्याच काळात पिंपरी-चिंचवडला कारखानदारी आली. घर एकीकडे आणि काम पंधरा-वीस किलोमीटरवर, अशी दिनचर्या सुरू झाली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या, 1972 मध्ये कायनेटिकची लुना आली आणि सायकलीवरचा पुणेकर दुचाकीवर बसला. 2018 मध्ये आरटीओकडे नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या अंदाजित लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या झळकल्या. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी होत्या.

पुण्याची भौगोलिक घडणही विचारात घ्यायला हवी. मुळा आणि मुठा शहर कापत जातात. मधोमध वेताळ टेकडी, दक्षिणेला पर्वती आणि कात्रजचे डोंगर, आरपार गेलेला लोहमार्ग, पुणे आणि खडकी ही दोन छावणी क्षेत्रे आणि लष्कराच्या विस्तीर्ण जमिनी. त्यामुळे शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायच्या वाटा मोजक्याच आहेत. म्हात्रे पूल, राजाराम पूल, लकडी पूल, बंडगार्डनचा पूल, संचेतीचा चौक यांपैकी कुठेही एक बस बंद पडली तरी कोस-दोन कोसांवर त्याची झळ पोहोचते.

या नैसर्गिक अडचणीत नियोजनाने भर घातली. विकास आराखड्यात आखलेले रस्ते तुकड्यातुकड्यांत झाले. मधली जमीन ताब्यात आली नाही म्हणून ते जागोजागी तुटले आहेत. महापालिकेच्या भाषेत हे मिसिंग लिंक. कात्रज–कोंढवा रस्ता 84 मीटर रुंद व्हायचा होता. भूसंपादनाचा खर्च झेपेना म्हणून तो 50 मीटरवर आणला, आणि तेवढाही वर्षानुवर्षे रखडला. 1987 च्या विकास आराखड्यात शहरातून फिरणाऱ्या वर्तुळाकार उच्चक्षमता मार्गाची आखणी झाली होती. तीन दशके उलटली तरी तो कागदावरच राहिला. दुसरीकडे सीमेवरच्या गावांत इमारती आधी उठल्या आणि रस्ते, सांडपाणी, बस यांचा विचार नंतर झाला. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, धायरी, उंड्रीसारख्या भागांत जाऊन पाहा. हजारो सदनिकांना मुख्य रस्त्यावर यायला एकच अरुंद वाट आहे. तिथला माणूस सकाळी गाडी काढतो तो हौसेने नाही, दुसरा मार्गच ठेवलेला नाही म्हणून.

मग रस्ते वाढवणे हाच उपाय नाही का? इथे कोंडीचे गणित समजून घ्यावे लागते. चौकातून दर तासाला ठरावीक वाहनेच निघू शकतात. येणारी वाहने त्या मर्यादेच्या आत असतील तोवर सगळे सुरळीत चालते. ती मर्यादेपेक्षा शंभरात पाच जरी जास्त झाली, तरी प्रत्येक सिग्नलला थोडी वाहने मागे राहतात, पुढच्या सिग्नलला त्यात भर पडते आणि अर्ध्या तासात रांग मागच्या चौकाला जाऊन भिडते. म्हणजे वाहने थोडी वाढली की खोळंबा कितीतरी पटीने वाढतो. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती आपण दरवर्षी अनुभवतो. दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात शाळा-महाविद्यालये बंद असतात, काही कुटुंबे गावी जातात. शहर रिकामे झालेले नसते. बहुतांश वाहने इथेच असतात. तरी कर्वे रस्ता, नगर रस्ता आणि सातारा रस्ता मोकळे वाटतात. रस्ते तेच, चौक तेच, सिग्नल तेच. फक्त गर्दीच्या वेळची काही टक्के वाहने कमी झालेली असतात. कोंडी फोडण्यासाठी प्रत्येकाची गाडी काढून घ्यावी लागत नाही. दहा जणांपैकी एक-दोघांना गर्दीच्या वेळी दुसरे भरवशाचे साधन मिळाले तरी पुरते.

नवा रस्ता ही मर्यादा वाढवतो, पण त्याबरोबर नवी वाहनेही ओढून आणतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच हे मांडले होते: गर्दीच्या वेळी रस्ता मोकळा झाला की आधी वेळ बदलून, वाट बदलून किंवा बसने जाणारे लोक त्याच वेळी त्याच रस्त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. 2011 मध्ये दुरांतों आणि टर्नर या संशोधकांनी अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरचा वाहनप्रवास वाढल्याचे दिसले. ह्यूस्टनचा केटी महामार्ग काही ठिकाणी दोन डझन लेनपर्यंत रुंद केला. काही वर्षांत तोही गर्दीच्या वेळी तुंबू लागला. आपल्याकडे यात आणखी एक पायरी आहे. रस्ता रुंद होणार अशी नुसती घोषणा झाली तरी पलीकडच्या गावात गृहप्रकल्प उभे राहतात, आणि रस्ता पुरा होईपर्यंत त्याला पुरून उरणारी वस्ती तयार असते.

याचा अर्थ कोणताच पूल नको असा नाही. चांदणी चौकात महामार्गाची जड वाहतूक आणि कोथरूड, बावधन, मुळशीची स्थानिक वाहतूक एकमेकींत अडकत होती. त्यांना वेगळे करणे भागच होते. तुटलेले रस्तेही जोडलेच पाहिजेत. पण जोडरस्ता आणि कोंडी फोडण्याचा रस्ता यांत फरक करायला हवा. बालभारती–पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडीला हात लावू नका, म्हणून 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. काही वर्षांच्या मोकळिकीसाठी शहराचे फुप्फुस द्यायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

आता वाटणीकडे येतो. चौकाचौकांत सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण सात-आठशे मोटारी निघतात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर हजार-बाराशे माणसे झाली. त्याच लेनमधून दर मिनिटाला एक बस सोडली आणि तीत पन्नास प्रवासी असले, तर तासाला तीन हजार माणसे जातात. दोन बसच्या मधल्या मिनिटभरात ती लेन रिकामी दिसते, आणि शेजारी अडकलेल्या मोटारचालकाला वाटते की एवढी जागा वाया चालली आहे. प्रत्यक्षात त्या रिकाम्या दिसणाऱ्या लेनमधून त्याच्या लेनपेक्षा अडीच पट माणसे गेलेली असतात. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने हेच तत्त्व मानले: रस्त्याची जागा वाहनांना न देता माणसांना द्यावी.

हे तत्त्व देशात सर्वांत आधी राबवायला निघालेले शहर पुणेच होते. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाला. अहमदाबादची जनमार्ग सेवा त्यानंतर, 2009 मध्ये आली. पण आपण बीआरटी अर्ध्या मनाने केली. जिथे बसला मोकळी वाट सर्वांत जास्त हवी होती तिथेच, चौकाच्या तोंडाशी, तिची मार्गिका संपत होती. थांब्यांवर जायला सुरक्षित वाट नव्हती, मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी सर्रास घुसत होत्या, आणि मुख्य म्हणजे मार्गिका भरून वाहील इतक्या बसच नव्हत्या. 2015 पासून पिंपरी-चिंचवड, संगमवाडी–विश्रांतवाडी आणि नगर रस्ता या मार्गांवर सुधारित रेनबो बीआरटी आली. पुढे नगर रस्त्यावरची उखडलीही गेली. बीआरटी पुण्यात चालत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. मला तो मान्य नाही. जी गोष्ट पुरती केलीच नाही, ती फसली असे कसे म्हणायचे?

बसची अवस्था पाहा. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, झाली. तिचा ताफा गेली काही वर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे, आणि त्यातल्या सगळ्या बस रोज डेपोबाहेर पडत नाहीत. केंद्राच्या मानकाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकांमागे 60 बस हव्यात. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते. त्या जुन्या लोकसंख्येलाही 2,900 बस लागल्या असत्या. त्यानंतर दोन्ही शहरे किती फुगली, हे डोळ्यांना दिसते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बस पाच मिनिटांत येईल की पस्तीस, हे सांगता येत नसेल, तर त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली यात त्याचा काय दोष? बायका आणि महाविद्यालयीन मुलींना तर स्कूटरने या शहरात जे स्वातंत्र्य दिले, ते कुठल्याही बसने दिले नव्हते. त्याची किंमत कमी लेखून कुठलीही सुधारणा टिकणार नाही. रात्री साडेनऊला शिफ्ट संपलेल्या मुलीला उजेड असलेला थांबा आणि वेळेवर येणारी बस मिळाली, तरच तिला गाडी घरी ठेवायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मेट्रोने आशा निर्माण केली आहे आणि ती खोटी नाही. डिसेंबर 2016 मध्ये भूमिपूजन, मार्च 2022 मध्ये पहिले टप्पे, आणि सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यावर सुमारे 33 किलोमीटरचे जाळे तयार झाले. पण मेट्रो दोन-चार रेषांवर धावते. शहर त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना पसरले आहे. स्थानकात उतरल्यावर पुढचे दोन किलोमीटर जायला बस नसेल आणि चालायला पदपथ नसेल, तर माणूस घरूनच गाडी काढतो. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले तेव्हा लोक तिथे चालतात, बसतात, खरेदी करतात हे दिसले. 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, तेव्हाही हाच अनुभव येतो. वर्षातला एक दिवस जे जमते, ते उरलेल्या दिवसांत थोड्याफार प्रमाणात का जमू नये?

आणि मग पार्किंग. आपल्या चर्चेत हा विषय सर्वांत जास्त टाळला जातो. मोटार दिवसातले बावीस-तेवीस तास उभीच असते आणि तिला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. एवढ्या जागेत पेठेत भाड्याची एक खोली होते. पी-1, पी-2 च्या पाट्यांनी आपण सम-विषम तारखांना रस्त्याची एकेक बाजू उभ्या वाहनांना देऊन टाकली आहे. तीन लेनच्या रस्त्यातली एक लेन अशी कायमची गेल्यावर उरलेल्या दोनांत कोंडी होणारच. मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने निवडक पाच रस्त्यांवर सशुल्क पार्किंगचा प्रयोग मंजूर केला, पण विरोधापुढे तो अमलात आलाच नाही. जून 2025 मध्ये पीएमपीचे किमान भाडे मात्र पाचाचे दहा रुपये झाले. शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर मोटार दिवसभर उभी करायला एक रुपयाही पडत नाही आणि बसमधल्या मोलकरणीला दोन थांब्यांसाठी दहा रुपये मोजावे लागतात. ही वाटणी कुठल्याही न्यायाच्या कसोटीवर उतरणारी नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: आधी लोकांना शिस्त लावा, मग बाकीचे बोला. उलट दिशेने गाडी हाकणारा, झेब्रा पट्ट्यावर गाडी उभी करणारा, सिग्नल तोडणारा यांना जरब बसलीच पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही. पण शिस्त पुष्कळशी रचनेतून येते. पुढचा वळणमार्ग दीड किलोमीटरवर असेल तर माणूस उलट दिशेने येण्याचा मोह धरतो. पदपथावर टपऱ्या, विजेचे डीपी बॉक्स आणि गाड्या असतील तर पादचारी रस्त्यावर उतरतोच. नुसता दंड वाढवून हे थांबत नाही.

दुसरा आक्षेप असा की पैसे आकारले तर मध्यमवर्ग भरडला जाईल. सिंगापूरने 1975 मध्ये शहराच्या मध्यभागी गाडी आणायला शुल्क लावले, लंडनने 2003 मध्ये. स्टॉकहोममध्ये 2006 साली सात महिन्यांचा प्रयोग झाला. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. शुल्काच्या सीमेवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली पाहिल्यावर त्याच शहराने सार्वमतात प्रयोगाच्या बाजूने कौल दिला. तिथे प्रयोगाच्या आधी बस वाढवल्या होत्या. पुण्यात आज असे प्रवेशशुल्क लावणे अन्यायाचे ठरेल, कारण पर्याय तयार नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बस, मग तिला मोकळी वाट, मग मुख्य रस्त्यांवर सशुल्क पार्किंग, आणि त्यातला पैसा त्याच भागातल्या बस आणि पदपथांवर खर्च केल्याचा जाहीर हिशेब. लोकांना आपला पैसा दारात दिसला तर ते देतात.

हे करायचे कोणी? पुणे महानगरातला प्रवासी महापालिका, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए, महामेट्रो, पीएमपीएमएल, एमआयडीसी, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, छावणी मंडळे आणि 2018 पासून दोन पोलीस आयुक्तालये यांच्या हद्दी ओलांडत कामावर जातो. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, प्राधान्य वेगळे. म्हणूनच हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या कोंडीची जबाबदारी कोणाची, याचे एक उत्तर मिळत नाही. 2006 च्या धोरणाने प्रत्येक मोठ्या शहरासाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण सुचवले होते. पुण्याला ते निधी, अधिकार आणि उत्तरदायित्व यांसकट हवे. पीएमपीच्या प्रमुखाला किमान तीन वर्षे हलवू नये. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, त्या काळात रस्त्याच्या वाटणीसारखा राजकीय प्रश्न उघडपणे मांडायला जागाच उरली नव्हती.

राजकीय हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. उड्डाणपुलाचे उद्घाटन करता येते, त्यावर पाटी लावता येते. बसची फेरी दहा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आली, याची कोनशिला बसवता येत नाही. म्हणून पूल होतात आणि बस राहून जाते. हे उलटवण्याची ताकद मतदाराकडेच आहे. पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आमदार दारात येईल तेव्हा त्याच्याकडे पूल मागू नका. आपल्या थांब्यावर गर्दीच्या वेळी दर किती मिनिटांनी बस येणार, तिची मार्गिका चौकापर्यंत सलग असणार का, घरापासून थांब्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाला पदपथावरून जाता येईल का, हे तीन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि ज्या दिवशी आपल्या रस्त्यावरची फुकट पार्किंगची जागा बससाठी मागितली जाईल, त्या दिवशी विरोधाच्या सभेला जाऊ नका.